पडद्यावरची झाशी आणि काल्पीच्या वाटेवरची विहीर

झाशीच्या राणीचे जे एक वाक्य सबंध देशाला तोंडपाठ आहे, ते तिने भर दरबारात, गोऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेला नजर देऊन उच्चारले, अशी समजूत बोलपटांनी आणि दूरचित्रवाणीवरील मालिकांनी दृढ करून टाकली आहे. ज्याने ते लिहून ठेवले त्या जॉन लँग या वकिलाचा वृत्तान्त निराळा आहे. १८५४ साली संस्थान खालसा झाल्यावर राणीने त्याला सल्ल्यासाठी बोलावून घेतले. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने ही भेट सांगितली आहे. वेळ रात्रीची, राणी पडद्याआड, वकील पडद्याबाहेर. दत्तक मुलाने पडदा बाजूला सारला आणि लँगला ती क्षणभर दिसली : अंगावर साधे पांढरे वस्त्र, कानांतल्या सोन्याखेरीज एकही दागिना नाही. लँगने व्यवहाराचा सल्ला दिला. वरिष्ठांकडे दाद मागावी, आणि निकाल लागेपर्यंत आपला हक्क राखून ठेवून मंजूर झालेला तनखा घेत राहावा. त्यावर झाशी न देण्याचा तो उद्गार निघाला. अर्ज, तनखा आणि हक्क यांच्या रूक्ष बोलण्यात, पडद्याआडून, एका परक्या पाहुण्यापाशी काढलेला तो उद्गार आहे.

दरबारातील गर्जना आणि पडद्याआडचा उद्गार, यांतील अधिक भावोत्कट कोणता? प्रश्न ऐतिहासिक सत्याचा नाही. नाटककाराला आणि चित्रपटकाराला इतिहास वाकविण्याची मुभा असते, आणि कालिदासानेही शकुंतलेच्या कथेत अंगठी आणि शाप घालताना महाभारताची परवानगी घेतली नव्हती. प्रश्न रसाचा आहे. गर्जनेच्या दृश्यात सर्व काही आधीच ठरलेले असते. राणी शूर आहे, अधिकारी उद्दाम आहे, दरबारी थक्क झाले आहेत. प्रेक्षकाने फक्त होकार द्यायचा. पडद्याआडच्या दृश्यात मात्र एका बाजूला अगदी शहाणा सल्ला आहे. तो मानला असता तर राणीचे आयुष्य बरे गेले असते, हे वकिलाला कळते, वाचकाला कळते, आणि तिलाही कळत असावे. नकाराचे मोल या कळण्यातून वाढते. त्यात पडद्याशी खेळणारे ते पोर. ज्याच्या वारशासाठी हा सारा वाद, त्यालाच त्याचे काही कळत नाही.

चित्रपटांतील हृदयस्पर्शी प्रसंगांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते; परंतु ते बहुधा नटाच्या अभिनयाची वाखाणणी आणि लेखकाच्या स्वतःच्या अश्रूंची कबुली, यांपलीकडे जात नाही. नवे शास्त्र शोधण्याची येथे गरज नाही. जुने वापरले तरी पुरे. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात रसदोष सांगताना पहिलाच दोष सांगितला तो स्वशब्दवाच्यतेचा. रसाचे किंवा भावाचे नाव घेतल्याने तो भाव निर्माण होत नाही. शोक झाला असे सांगितल्याने शोक होत नाही. त्याचे विभाव आणि अनुभाव समोर ठेवावे लागतात. हे तत्त्व शब्दांपुरते नाही. पार्श्वसंगीत हाही एक शब्दच आहे. पात्राच्या मुद्रेवर दुःख उमटण्यापूर्वीच सारंगी रडू लागली, तर तिने शोकाचे नाव घेतले, एवढेच झाले. एखाद्याने आगीची बातमी आगीच्या आधी द्यावी, तसा हा प्रकार.

संगीताचा याच्या नेमका उलटा उपयोग सत्यजित रायांनी ‘पथेर पांचाली’ (१९५५) मध्ये करून दाखविला. हरिहर दीर्घ काळाने घरी येतो. आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला दाखवितो, आणि शेवटी मुलीसाठी आणलेली साडी पुढे करतो. मुलगी गेलेली आहे हे त्याला ठाऊक नाही. सर्वजया साडी तोंडाशी धरून कोसळते, तिचे तोंड उघडते, आणि तिच्या आवाजाऐवजी तारशहनाईचा तीव्र स्वर ऐकू येतो. येथे स्वर रडण्याला जोडलेला नाही. तो रडण्याच्या जागी आलेला आहे. आईचा हंबरडा दिग्दर्शकाने काढून घेतला म्हणून तो प्रेक्षकाला आपल्या मनात घालावा लागतो. त्या दृश्याचा अर्धा भाग पडद्यावर घडतो, अर्धा प्रेक्षागृहात.

यावरून कोणी म्हणेल की संयम म्हणजेच कला, आणि आक्रोश म्हणजे अभिरुचीचा अधःपात. हे समीकरण सोपे आहे, आणि अलीकडे सुशिक्षितांत ते फार लाडके झाले आहे. ऋत्विक घटकांचा ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) त्याला खोटे पाडतो. घरासाठी झिजून क्षयाने ग्रासलेली नीता डोंगरावरच्या रुग्णालयात भावाला मिठी मारून मला जगायचे आहे असे ओरडते. मम्मटाच्या नियमाने हा उघड दोष ठरावा. तरीही ते दृश्य विसरता येत नाही. सगळा चित्रपटभर ही मुलगी आपल्यासाठी काहीही मागत नाही. फाटलेली चप्पल, दुसऱ्यांना दिलेला पगार, बहिणीकडे गेलेला प्रियकर, हे सारे ती गिळते. शेवटची किंकाळी ही त्या साऱ्या न मागण्याची एकरकमी वसुली आहे. म्हणजे आवाज उंच की नीचा हा खरा निकष होत नाही. उद्गारामागे काही साठलेले आहे की नाही, आणि ते साठत असताना प्रेक्षक साक्षी होता की नाही, हे पाहावे लागते.

हा निकष घेऊन झाशीकडे वळले म्हणजे सोहराब मोदींचा ‘झाँसी की रानी’ (१९५३) प्रथम समोर येतो. टेक्निकलर पद्धतीने भारतात तयार झालेला हा पहिला चित्रपट. ‘गॉन विथ द विंड’च्या छायालेखकांपैकी एक अर्नेस्ट हॅलर त्यासाठी येथे आले, राणीचे काम मेहताब यांनी केले, संगीत वसंत देसाईंचे होते, आणि राजगुरूची भूमिका स्वतः मोदींनी घेतली. एवढा खर्च करूनही चित्रपट चालला नाही. पारशी रंगभूमीच्या वाणीवर पोसलेल्या मोदींना भारदस्त वाक्याचे सामर्थ्य पुरेपूर ठाऊक होते. त्यांच्या ‘पुकार’ आणि ‘सिकंदर’ या चित्रपटांचे वैभव त्या वाणीतच आहे. पण वाणीचे नाट्य दोन तुल्यबळ पुरुषांच्या वादात जसे रंगते, तसे एका विधवेच्या एकटेपणात रंगत नाही. शिवाय राणीपाशी सदैव एक राजगुरू उभा केला, म्हणजे तिच्या प्रत्येक निश्चयाला समर्थन आधीच तयार असते. निश्चय घेण्यापूर्वीची जी रात्र, ती या राणीला मिळत नाही.

त्याच वर्षी मराठीत आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला आणि पुढे राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याने मिळविला. योगायोग असा की त्यातील आई झालेल्या वनमाला ह्या ग्वाल्हेर संस्थानातल्या मराठी घराण्यातील, आणि मोदींच्याच ‘सिकंदर’ची नायिका. रंग नाही, तोफा नाहीत, हजारोंचे सैन्य नाही. साने गुरुजींच्या कथेतला एक पोरगा न्हाल्यावर पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरतो, आणि आई आपला पदर दगडावर पसरते. एवढीच ती गोष्ट. तिच्यातून आई जो बोध करते तो आज कोणाला बाळबोध वाटेल, आणि अत्र्यांच्या चित्रपटात बोधाची मात्रा अनेकदा वाढलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ओला पदर दगडावर पसरला गेला, हे बोधाच्या आधी घडते. पाहणाऱ्याला तो पदर पुरतो.

मालिकांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तेथे दोष कलावंताच्या हातून होण्याआधी वेळापत्रकाच्या हातून होतो. झी वाहिनीवर २००९ ते २०११ या काळात चाललेली ‘झाँसी की रानी’ ही हिंदी मालिका चारशेहून अधिक भागांची होती. धाकट्या मनूचे काम उल्का गुप्ता हिने केले, पुढे कृतिका सेंगर राणी झाली, आणि गंगाधररावांची भूमिका समीर धर्माधिकारी यांच्याकडे होती. धाकट्या मनूच्या खोडकर, धीट मुद्रेने घरोघरच्या मुलांना जी माया लावली ती खोटी म्हणता येणार नाही. पण रोजच्या मालिकेला रोज एक उत्कट क्षण लागतो. तो भागाच्या अखेरीस अर्धवट तोडायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायचा. एकच कटाक्ष तीन बाजूंनी, तीन वेळा ढोल वाजवून. मग दालनातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकेकदा थांबायचे. मम्मटाने रसदोषांत ‘दीप्तिः पुनः पुनः’ असा एक दोष नोंदविला आहे आणि उदाहरण म्हणून चक्क कुमारसंभवातील रतिविलापाकडे बोट दाखविले आहे. कालिदासाची ही गत, तर वाहिनीच्या संवादलेखकाने किती वाईट वाटून घ्यावे? त्याच्याही आधी आनंदवर्धनांनी म्हटले आहे की, परिपोष पावलेला रस पुन्हा पुन्हा हाताळला तर तो कोमेजलेल्या फुलासारखा होतो. मालिकांच्या समीक्षेत नवव्या शतकातल्या त्या काश्मिरी पंडिताइतके नेमके अद्याप कोणी बोललेले नाही.

यातला खरा तोटा फुलाचा नाही, हाताचा आहे. फुले नित्य चुरगळण्याची सवय जडलेल्या हाताला पुढे ताज्या फुलाचा स्पर्शही कळेनासा होतो. तीन वेळा ढोल वाजल्याशिवाय प्रसंग महत्त्वाचा आहे हे ज्या प्रेक्षकाला समजत नाही, त्याच्यापुढे सर्वजयेचा मूक आकांत ठेवला तर तो आवाजात बिघाड झाला असे समजण्याचा संभव आहे.

‘मणिकर्णिका’ (२०१९) या चित्रपटात कंगना रनौत हिने राणीची भूमिका केली आणि राधाकृष्ण जागरलामुडी यांच्याबरोबर दिग्दर्शनही केले. अभिनेत्रीच्या अंगी त्वेष आहे, घोड्यावरची तिची बैठक डौलदार आहे, आणि वैधव्यानंतर काशीची वाट नाकारून राज्यकारभार हाती घेण्याचा प्रसंग योजताना एक खरी नाट्यमय जागा लेखकांना सापडली होती. पण ही राणी पहिल्या दृश्यापासूनच राणी आहे. वाघासमोर धनुष्य घेऊन उभी राहिलेली तरुणी ज्या निर्भयतेने प्रवेश करते, त्याच निर्भयतेने ती अखेरच्या ज्वाळांत दिसेनाशी होते. मधल्या काळात मूल गेले, नवरा गेला, राज्य गेले. निर्भयतेत भर पडली नाही की घट झाली नाही. उत्साह हा वीररसाचा स्थायी भाव खरा. परंतु स्थायी म्हणजे अचल असा अर्थ भरताच्या कोणत्याही भाष्यकाराला अभिप्रेत नव्हता. व्यभिचारी भाव, म्हणजे शंका, ग्लानी, विषाद, चिंता, त्याच्यावरून लाटांसारखे यायचे असतात. लाटाच नसल्या तर समुद्राचे पाणी चित्रातले राहते.

मुलाचेही असेच झाले आहे. पाठीशी बांधलेले मूल आणि तटावरून घेतलेली उडी हे या कथेचे सर्वांत प्रसिद्ध चित्र. झाशीच्या किल्ल्यात उडीची जागाही दाखविली जाते. राणी रात्री शहराच्या दरवाजाने बाहेर पडली असे मानण्यास आधार अधिक असला, तरी उडीच्या लोककथेशी भांडण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. दामोदरराव १८४९ साली जन्मले, म्हणजे एप्रिल १८५८ मधील त्या रात्री ते आठ वर्षांचे होते. पुतळ्यांत आणि पडद्यावर त्यांचे तान्हे बाळ होते, कारण तान्ह्या बाळाला काही दिसत नाही, काही आठवत नाही. आठ वर्षांच्या मुलाला दोन्ही होते. जळते शहर मागे टाकताना त्याचे डोळे उघडे होते, आणि तो १९०६ पर्यंत जगला, इंदुरात. त्याच्या दृष्टीने ती रात्र दाखविणारा प्रसंग लिहिला गेला असता, तर उडीहूनही खोल काही हाती लागले असते.

आता ज्या प्रसंगासाठी हा सारा खटाटोप, त्याकडे येणे भाग आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळेल या आशेने, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून, आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा, शहराची लूट आणि कत्तल त्यांनी आत राहून पाहिली. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ते लिहून काढले. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक वैद्यांनी भाषा सावरून १९०७ साली छापले. मूळ हस्तलिखिताला धरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये निघाली. हिंदीत ते अमृतलाल नागरांनी नेले. इंग्रजीत मृणाल पांडे यांनी, आणि त्यानंतर प्रिया आडारकर व शांता गोखले यांनी. म्हणजे पडद्यासाठी लिहिणाऱ्यांना ते अप्राप्य होते असे म्हणण्यास जागा नाही.

झाशी पडल्यानंतरची गोष्ट. काल्पीच्या वाटेवर गोडसे आणि त्यांचे सोबती एका विहिरीपाशी असताना काही स्वार येतात. त्यांत पठाणी वेषातली राणी आहे. अंग धुळीने भरलेले, तोंड उन्हाने लाल आणि उतरलेले. तिला तहान लागली आहे. ब्राह्मण आहोत असे सांगून गोडसे तिच्यासाठी पाणी काढू लागतात. ती त्यांना थांबविते. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदू नये म्हणते, स्वतः मातीच्या मडक्याने पाणी काढते आणि ओंजळीने पिते. मग थोडे बोलते. आपल्यासारख्या विधवेला अर्धा शेर तांदूळ पुरे होता, हा उद्योग करण्याची काही गरज नव्हती. धर्माच्या अभिमानाने तो हाती घेतला, पण यश नशिबी दिसत नाही. एवढे बोलून ती घोड्यावर बसते आणि निघून जाते.

या प्रसंगात कोणीही रडत नाही. कथन करणाऱ्या भिक्षुकाला तर आपण काही मोठे लिहीत आहोत याची जाणीवही दिसत नाही. लुटीचा हिशेब तो ज्या सुरात सांगतो त्याच सुरात हे सांगतो. पण पाहावे तो प्रत्येक तपशील काम करीत आहे. जिने कालपर्यंत दानधर्म केला, ती आज पाण्यासाठी थांबली आहे. आणि पाणी देऊ करणारा तिच्या दानाची आशा धरून शहरात आलेल्यांपैकी एक आहे. देणारा आणि घेणारा यांच्या जागा बदलण्याचा हा क्षण, आणि ती तो बदलू देत नाही. राज्य गेले तरी मर्यादा सांभाळण्याचा अधिकार तिने सोडलेला नाही. सेवा नाकारणे हा तिच्याजवळ उरलेला शेवटचा राजेपणा. त्याच वेळी ओंजळीने पाणी पिणे हे कोणत्याही वाटसरूचे कृत्य. राजेपणा आणि वाटसरूपण एकाच हालचालीत आले आहेत, आणि एकाने दुसऱ्याला झाकलेले नाही.

तिच्या शब्दांत तर वीररसाची प्रचलित कल्पनाच उलटी होते. जिंकण्याची आशा असणाऱ्याचा उत्साह समजण्यासारखा असतो. ही बाई हरणार हे जाणून, तसे मोठ्याने म्हणून, पुन्हा घोड्यावर बसते. विषाद येथे उत्साहाला विरोधी राहत नाही. त्याचे मोल ठरविणारा होतो. आणि हे मोल कशात मोजले आहे? अर्ध्या शेर तांदळात. सिंहासन, तलवार, मातृभूमी असला एकही मोठा शब्द नाही. विधवेच्या एकवेळच्या जेवणाचे माप आहे. अनुवादकाला येथे एक गमतीची ठेचही लागते. मराठी ‘शेर’ हिंदीत ‘सेर’ होतो, आणि हिंदीत ‘शेर’ म्हटले की वाघसिंह उभा राहतो. पडद्याला त्या शब्दाचे हिंदी रूपच तेवढे ऐकू आले, असे एखाद्याने म्हटले तर तो थट्टा करतो आहे असे सर्वस्वी वाटणार नाही.

आक्षेप असा घेता येईल की विहिरीचा प्रसंग वाचण्याचा आहे, पाहण्याचा नाही. त्यात घडत काहीच नाही. हा आक्षेप चित्रपटमाध्यमाच्या अनादरातून येतो. धुळीने माखलेला चेहरा, दोरावर घातलेले आणि मागे घेतलेले हात, मडक्यातून ओघळणारे पाणी, घोड्यांचे श्वास, हे कॅमेऱ्याला जितके सहज साधेल तितके लेखणीला साधत नाही. गोडशांनी ते चार ओळींत उरकले, कारण लेखणीला तेवढेच शक्य होते. अडचण माध्यमाची नसून धैर्याची आहे. राणीला तहान लागलेली दाखविणे, तिच्या तोंडी अपयशाची कबुली घालणे, ज्या ब्राह्मणविधवेच्या संस्कारांतून ती बोलते ते आजच्या प्रेक्षकाला रुचणारे नसले तरी पुसून न टाकणे, हे सारे जोखमीचे आहे. प्रतिमेची पूजा करणाऱ्या समाजात ही जोखीम निर्माते घेत नाहीत, आणि त्याचा सगळा दोष त्यांच्याच माथी मारणे अन्यायाचे होईल.

साहित्याने ही जोखीम कमीअधिक घेतलेली आहे. वृंदावनलाल वर्मांना आपल्या हिंदी कादंबरीत (१९४६) राणी स्वराज्यासाठीच लढली हे सिद्ध करायचे होते, तरी हळदीकुंकवाच्या प्रसंगात त्यांनी झाशीतल्या नाना जातींच्या बायका एकत्र बसविल्या आणि राणीच्या मराठी घरातले वारे बुंदेलखंडी अंगणात खेळविले. महाश्वेता देवींनी आपले बंगाली चरित्र (१९५६) लिहिण्यासाठी त्या मुलखात हिंडून लोकांच्या तोंडची गाणी आणि आठवणी गोळा केल्या. त्यामुळे त्यांच्या राणीभोवती माणसे आहेत. भा. रा. तांब्यांनी तिच्या समाधीवर जी कविता लिहिली तीत लढाई आहे, आणि लढाईनंतरची शांतताही आहे.

काल्पीनंतर ग्वाल्हेर, आणि १८५८ च्या जूनमध्ये कोटा की सरायजवळचे मरण. गोडसे तेवढ्या अवधीत निराळ्या वाटेने गेले होते. पुढे ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन आईबापांसाठी पायी वरसईला परतले. दक्षिणा वाटेत लुटली गेली होती. कावडीतले पाणी तेवढे त्यांनी घरापर्यंत नेले.